दूधपाक, वडे आणि सांगलीचे पाहुणे

सुमनताईला पहिल्या स्थळानं नकार दिला तो आमटीमुळे आणि दुसऱ्या स्थळानं दिला तो माझ्यामुळे. आमटीचं समजू शकतो. आईच्या हाताला सुरतेचं पाणी लागून वीस वर्षं झाली होती, गूळ मापाबाहेर पडायचा. पुण्याच्या त्या पाहुण्यांनी पहिल्या भुरक्याला एकमेकांकडे पाहिलं आणि पुढं पानावरून उठेपर्यंत कोणी आमटीकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या वेळी मात्र आईनं आमटी अशी झणझणीत केली होती की आम्हालाच ठसका लागला. पण पाहुण्यांनी मला कौतुकानं विचारलं, "काय रे, ताई कुठंय तुझी?" आणि मी झोपाळ्यावर पाय हलवत सांगितलं, "ताई रसोड्यात आहे, हमणां येते." वर "तुम्ही बेसा ना" असा आग्रहही केला. अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलगी उत्तम आहे, पण घराचं वळण फार गुजराती झालेलं दिसतं, असं त्यात लिहिलं होतं. घराचं वळण म्हणजे मी.

आम्ही सुरतेत गोपीपुऱ्यातल्या एका शेरीत, म्हणजे गल्लीत, राहत होतो. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बदली होऊन आले ते तिथंच रुजले. शेरी इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या फोडणीला आमच्या घरात शिंका यायच्या. सकाळी जैनांच्या देरासरातली घंटा, मग कबुतरांची फडफड, मग पलीकडच्या गल्लीतल्या हातमागांची खटखट, आणि त्या सगळ्यावर समोरच्या कांताकाकींचा आवाज. कांताकाकी जैन, जरीच्या व्यापाऱ्याची बायको, अंगानं भरलेल्या, मनानं त्याहून भरलेल्या. स्वतःला मूलबाळ नव्हतं म्हणून आमच्यावर हक्क सांगायच्या. मला त्या लाडानं "वीनिया" म्हणायच्या आणि रागानं "मूआ", म्हणजे मेल्या. दिवसाचा हिशेब केला तर मूआच जास्त व्हायचं. शेरीतली पोरं आम्हाला "दक्षिणी" म्हणत. सुट्टीत नाशिकला मोठ्या काकांकडे गेलो की चुलत भावंडं "गुजराती आला रे" म्हणून ओरडत. म्हणजे गाडी ज्या दिशेनं जाईल त्याच्या उलट आमची जात. मला त्याचं काही वाटत नसे. मी भांडायचो गुजरातीत, परवचा म्हणायचो मराठीत, आणि स्वप्नात जे बोलायचो ते ताईच्या म्हणण्याप्रमाणे कुठल्याच भाषेत बसत नव्हतं. शाळा गुजराती, त्यामुळं मराठी लिहिताना अक्षरांवर रेघ द्यायचा मला कंटाळा. नाशिकला पाठवलेलं माझं पत्र पाहून मोठे काका म्हणाले होते, "याची सगळी अक्षरं टोपी घरी विसरून आल्यासारखी दिसतात."

पण ताईचं तसं नव्हतं. ती बावीस वर्षांची झाली होती, तिच्या दोन मैत्रिणी सासरी गेल्या होत्या, आणि आई दर सोमवारी न जेवता बसायला लागली होती. अशा वेळी सांगलीचं स्थळ आलं. मुलगा श्रीकांत, मुंबईत औषधांच्या एका कंपनीत नोकरीला. आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेला. पत्र त्या आत्याबाईंचंच होतं आणि त्यात मुलीच्या शिक्षणाविषयी एक आणि घराविषयी सहा प्रश्न होते. घरात मराठी बोलतात ना? स्वयंपाक आपल्या पद्धतीचा असतो ना? सणवार कुठले करता? शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "मुलगी आपली हवी."

अण्णांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि घराला मराठी करायला घेतलं. ओसरीतला झोपाळा कड्यांवरून काढून माळ्यावर गेला. नाशिकहून आजोबांचा पगडीतला फोटो मागवला गेला आणि दर्शनी भिंतीवर टांगला. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून आमसुलं आणवली. "आमसूल ही आपली खूण," अण्णा म्हणाले, "ते पानात दिसलंच पाहिजे." आणि आठ दिवस घरात गुजराती बंद. त्याचा पहिला परिणाम असा झाला की घर शांत झालं, कारण माझं आणि ताईचं भांडण मराठीत पुढं सरकेचना. मी आपला आरशासमोर उभा राहून "स्वयंपाकघर, स्वयंपाकघर" असं घोकत होतो. त्या शब्दाचा मला आजही वचक वाटतो. माझी सून किचन म्हणते तेव्हा मी मनातल्या मनात तिला दुवा देतो.

पाहुणे रविवारी येणार, साडेदहाच्या गाडीनं. आधी जेवण, मग मुलगी पाहणं. बेत आईनं ठरवलेला: श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, अळूवडी, काकडीची कोशिंबीर, आमटी-भात. शनिवारी संध्याकाळी तिनं दही पंच्यात बांधून झोपाळ्याच्या रिकाम्या कडीला टांगलं. आणि रविवारी सकाळी उठतो तो आई मागच्या खोलीत, वेगळ्या चटईवर. बाजूला बसली होती. आताच्या वाचकांना हे सांगावं लागेल, की त्या चार दिवसांत घरातली बाई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे, कशाला हात लावत नसे. माझी नात हे ऐकून मला म्हणाली, "आजोबा, मग तुम्ही सगळ्यांनी का नाही केला स्वयंपाक?" केला ना बाळ. तेच तर सांगतोय.

ताईला त्या दिवशी चुलीपाशी बसवणं शक्य नव्हतं. घामाघूम झालेली मुलगी कोण पसंत करणार? तिनं पहाटे उठून आमसुलाची चटणी वाटली आणि ती नऊवारीचा सराव करायला शेजारी गेली. अण्णा स्टेशनवर. राहिलो मी, कॉलेजात पहिल्या वर्षाला सायन्स घेतलेला. आई मागच्या खोलीतून सूचना देणार आणि मी पुऱ्या लाटायला बोलावलेल्या कांताकाकींना त्या पोचवणार, अशी योजना ठरली. पहिली सूचना आली, "विनू, चक्का झालाय का बघ." मी पाहिलं, पंच्यातून अजून थेंब गळत होते. दोन तासांत पाहुणे येणार आणि दही ओलं. आता त्याच आठवड्यात आम्हाला कॉलेजात गोल फिरणाऱ्या वस्तूंचं प्रकरण शिकवलं होतं. फिरणाऱ्या वस्तूतलं पाणी बाहेर फेकलं जातं, हे मला शास्त्रानं माहीत होतं. मी ते गाठोडं सोडलं, गच्चीवर नेलं, दोरीचं टोक धरलं आणि डोक्याभोवती गरगर फिरवायला लागलो.

शास्त्र खरं होतं, पाणी बाहेर फेकलं गेलं. पाठोपाठ दहीही गेलं. गाठ सुटली आणि रिकामा पंचा माझ्या हातात फडफडत राहिला. चक्का शेरीच्या डोक्यावरून पांढऱ्या पक्ष्यासारखा गेला आणि समोरच्या गच्चीवर कांताकाकींनी बाजेवर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर उतरला.

"मूआ!" खालून आवाज आला. त्यांना कसं कळलं हे मला कधी समजलं नाही.

पण कांताकाकी मनानं भरलेल्या होत्या, हे मी आधीच सांगितलंय. माझं तोंड पाहून त्यांनी राग गिळला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अरे, एमां शुं? दूधपाक करी नाखीए!" दूधपाक म्हणजे तांदळाची खीर, आटवलेल्या दुधाची. मी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "आई, श्रीखंडाऐवजी खीर चालेल?" चक्क्याचं काय झालं हे सांगितलं नाही. आईला वाटलं, दही आंबलं असेल. म्हणाली, "चालेल, गोडच तर आहे." मग अळूवडी आणायला मी फरसाणवाल्याकडे गेलो, तर त्याच्याकडची संपलेली. परत आलो. काकी म्हणाल्या, चिंता कसली, दूधपाकाबरोबर वडेच शोभतात, उडदाचं पीठ तयारच आहे. मी दाराशी गेलो, "आई, अळूवडी नाही, वडे चालतील?" आई म्हणाली, "चालतील." अर्ध्या तासानं काकींना बटाटे दिसले. जैनांना जमिनीखालचं काही चालत नाही. त्या बटाट्याला हात लावणार नाहीत आणि मला तो सोलता येईना. त्यांनी आपल्या घरून गवार आणली आणि लाल भोपळा आणला. "आई, बटाट्याऐवजी गवार-भोपळा?" आई जरा वैतागली. "कर बाबा काहीही, पण वेळेवर कर." आमटीला तर मी आपणहून काट मारली. तिनं आधीच एक स्थळ खाल्लं होतं. काकींनी कढी केली. ते मी आईला सांगितलंच नाही.

प्रत्येक पदार्थ निरपराध होता, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. ते सगळे एका पानात बसले की काय होतं, हे कळायला ते पान आधी कधीतरी पाहिलेलं असावं लागतं. आमच्या आजोबांचं श्राद्ध नाशिकला मोठे काका करायचे. सुरतेच्या घरात ते कधी झालंच नाही. मी जन्मात श्राद्धाचं पान पाहिलं नव्हतं. कांताकाकी जैन, त्यांच्यात श्राद्ध नसतं. म्हणजे स्वयंपाकघरात आम्ही दोघं होतो आणि खीर, वडे, कढी, गवार-भोपळा आणि आमसुलाची चटणी मिळून काय होतं हे ठाऊक असणारी एकमेव बाई मागच्या खोलीत चटईवर बसून जप करत होती.

उरलेली उणीव मी भरून काढली. दूध उतू जाऊन ओसरीत ओघळ आला म्हणून मी फरशी धुतली. ओल्या फरशीवर रांगोळी टिकेना म्हणून काढलीच नाही. घराचं वळण दिसावं म्हणून आजोबांच्या फोटोला ताजा हार घातला आणि पुढं उदबत्ती लावली. नंतर दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. इतकी मराठी ओसरी सुरत शहरात दुसरी नसेल, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील अप्पासाहेब, हे काही बोलत नसत. मुलगा श्रीकांत, हा वडिलांपेक्षाही कमी बोलत होता. बोलायचं खातं आत्याबाईंकडे होतं. बारीक, ताठ, नाकात हिऱ्याची चमकी, डोळे असे की आल्या आल्या त्यांनी झोपाळ्याच्या रिकाम्या कड्या पाहिल्या. "झोपाळा काढला वाटतं?" त्या म्हणाल्या. अण्णा "छे, कुठला झोपाळा" असं काहीतरी पुटपुटले. पाटावर बसायच्या आधी आत्याबाई थबकल्या. "रांगोळी नाही?" मी म्हटलं, "नाही!" आवाजात अभिमान होता. का होता ते विचारू नका.

मी वाढायला लागलो. आधी खीर. मग आमसुलाची चटणी. मग गवार-भोपळा. आत्याबाईंच्या भुवया एकेका पदार्थाला पायरी पायरीनं वर चढत होत्या. मला वाटलं, प्रभाव पडतोय. वडे आले तेव्हा त्यांनी मान वळवून आजोबांच्या फोटोकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं, उदबत्तीकडं पाहिलं. अण्णा पाहुण्यांच्या पंक्तीत शेवटच्या पाटावर होते. त्यांच्या पानात मी अजून पोचलो नव्हतो, आणि ते समोर बघून हवापाण्याचं काहीतरी बोलत होते.

"काय रे," आत्याबाई मला म्हणाल्या, "सगळं अगदी शास्त्राप्रमाणे आहे की."

"हो तर!" मी म्हणालो. "आमच्याकडे सगळं आपल्याच पद्धतीनं असतं. नेहमी!"

"नेहमी?"

"सणावाराला तर नक्कीच. हे आजोबांच्यापासून चालत आलंय," मी फोटोकडं हात केला. "कढी आणू?"

कढी हा शब्द मागच्या खोलीत पोचला आणि आईचा जप थांबला. मग भिंतीवर धपाधप आवाज यायला लागला. आईच्या डोक्यात ते पान आता जुळलं होतं. "विनू! अरे विनू, वाढू नकोस! थांब!" मला वाटलं, तिला पाणी हवंय. "आलो आई, कढी वाढून आलो," मी ओरडलो आणि आत्याबाईंच्या वाटीत कढीचा पळा ओतला.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. पान न जेवता.

"मुलगी बघायला आलेल्या माणसांना तुम्ही श्राद्धाचं जेवण वाढता?"

अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा शेजारच्या पानात पाहिलं. माझ्या वडिलांना मी पुढं दोन आजारपणांतून जाताना पाहिलं, पण तसा रंग त्यांच्या तोंडावर पुन्हा कधी आला नाही. "आत्याबाई, अहो, हे, म्हणजे मुलानं..." ते म्हणाले आणि थांबले, कारण त्याच क्षणी गॅलरीच्या कठड्यावरचा एक कावळा तिरकी उडी मारून आत आला, आत्याबाईंच्या पानातला वडा उचलला आणि गेला.

सकाळपासून एक शब्दही न बोललेले अप्पासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "शिवला."

मला तोवर कळलं होतं. मी कढीचं भांडं खाली ठेवलं. दारामागं नऊवारी नेसून उभी असलेली ताई मला दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलेलं होतं, आणि हे तिसरं स्थळ होतं. चौथं यायची वाट बघायला आईच्या सोमवारांत किती दम उरला होता कोण जाणे.

तेवढ्यात गडबड ऐकून कांताकाकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात झारा होता. भरल्या पानावरून पाहुणी उठलेली पाहून त्यांचा जीव कळवळला, आणि लगेच तापला. "आ बेन ऊभां केम थई गयां?" सकाळपासून आपण राबतोय, आणि या बाई उठून उभ्या का? अन्नाचा असा अपमान? त्या गुजरातीतून सुटल्या. आत्याबाई मराठीतून. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, त्यामुळं अडत काहीच नव्हतं.

"ही कोण?" आत्याबाई गरजल्या. "काय म्हणतेय ती?"

मग ताई दारातून पुढं आली. मुलीनं असं आपणहून बाहेर यायचं नसतं, पण ती आली, डोळे पुसले आणि दोघींच्या मध्ये उभी राहिली.

कांताकाकी म्हणत होत्या, "या बाईला सांग, आमच्याकडे जावयाला दूधपाक वाढतात. आणि हिचं नाक आहे की अडकित्ता? दिसेल ते कातरत सुटलीय!"

ताई आत्याबाईंकडे वळली. "या शेजारच्या कांताकाकी. आई आज बाजूला बसलीय म्हणून सकाळपासून यांनीच सगळं केलं. त्या म्हणतात, तुमचा चेहरा बघून त्यांना त्यांच्या मोठ्या बहिणीची आठवण झाली."

आत्याबाई क्षणभर अडखळल्या. "ते असू दे. पण तिला सांग, आमच्या सात पिढ्यांत असा प्रकार झाला नाही! परक्याच्या घरात शिरून हात घालायला हिला सांगितलं कोणी?"

ताई काकींकडे वळली आणि गोड गुजरातीत म्हणाली, "आत्या म्हणतात, सात पिढ्यांत असा दूधपाक कोणी चाखला नव्हता. हात कोणाचा लागलाय म्हणून विचारतात."

काकींचा झारा खाली आला. "एम? असं?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा संशयानं, "मग न जेवता उभी का राहिली?"

"त्यांचे गुडघे धरलेत. मांडी घालून बसवत नाही."

मी थक्क होऊन ऐकत होतो. पंक्तीत श्रीकांतनं मान पार पानात घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारा रडतोय.

कांताकाकींनी झारा माझ्या हातात कोंबला, समोरच्या घरात धावल्या आणि तेलाची बाटली घेऊन परत आल्या. काही कळायच्या आत त्या आत्याबाईंच्या पायाशी फतकल मारून बसल्या आणि त्यांच्या गुडघ्याला हात घातला.

"अगं बाई!" आत्याबाई मागं सरकल्या. "ही काय करतेय? माझ्या पायाला का हात लावतेय?"

"पाया पडताहेत," ताई म्हणाली. "चूक झाली म्हणतात. त्या जैन आहेत, त्यांच्यात श्राद्ध नसतं, त्यांना ठाऊक नव्हतं. मोठ्या बहिणीनं पोटात घालावं, असं म्हणताहेत."

यातलं श्राद्धाचं वाक्य तेवढं खरं होतं. मागच्या खोलीतून आवाज आला, तोंडात पदर कोंबून कोणी हसू दाबतं तसा. आईला दोन्ही भाषा येत होत्या.

आत्याबाई खाली बघत राहिल्या. आपल्या वयाची एक भरलेली बाई आपल्या पायाशी बसलीय, तिच्या कपाळावर घाम आहे, हाताला पिठाचे डाग आहेत. त्या ताठ बाईच्या आत काहीतरी हललं. त्यांनी वाकून काकींचा हात धरला आणि त्यांना उठवलं. "उठा हो, उठा. कळलं नाही म्हणजे काय करणार माणूस." काकी उठताना कौतुकानं म्हणाल्या, हिला तेलाचा गुण लगेच आला बघ. हे मात्र ताईनं कोणाला सांगितलं नाही.

"पण हे पान काही आम्ही जेवायचो नाही," आत्याबाई म्हणाल्या. "रवा आहे का घरात?" आणि उत्तराची वाट न बघता त्या आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. अर्धा तास आतून भाजक्या रव्याचा आणि तुपाचा वास येत होता, आणि दोन भाषांतली बडबड येत होती, दुभाष्याशिवाय. काकी साखरेचा डबा पुढं करत होत्या, आत्याबाई तो मागं सारत होत्या, आणि शेवटी शिरा बाहेर आला तेव्हा तो बऱ्यापैकी गोड होता. श्रीकांतनं शिराही खाल्ला. त्याआधी, कोणाचं लक्ष नसताना, त्यानं पानातले वडे, कढी आणि दूधपाक, सगळं संपवलं होतं. ते मी पाहिलं, कारण माझ्याशी बोलायला कोणीच तयार नव्हतं आणि मला बघण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी सांगलीहून पत्र आलं. होकार होता. खाली आत्याबाईंच्या हातची ओळ होती, "लग्नात मुलीच्या भावाला पंगतीच्या जवळ फिरकू देऊ नये." अण्णांनी ती ओळ इतकी मनावर घेतली की ताईच्या लग्नात मला मांडवाच्या फाटकापाशी चपला राखायला बसवलं. तिथंही मी दोन जोड्यांची अदलाबदल केली, पण ते आत्याबाईंच्या कानावर गेलं नाही. श्रीकांत पुढं मुंबई सोडून सांगलीला आला, आणि ताईला सांगलीकर होऊन आता पन्नास वर्षं होत आली. तिथं तिला अजूनही गल्लीत "सुरतेच्या काकू" म्हणतात. आणि मी ज्या शेरीत जन्मलो तिथंच म्हातारा झालो, पण भाजीवाला मला अजून "दक्षिणी काका" म्हणतो. आम्ही दोघं फोनवर बोलतो तेव्हा मधेच भांडण झालं की दोघंही गुजरातीत शिरतो.

पण होकार मला त्या पत्राच्या आधीच, त्याच दुपारी कळला होता. पाहुणे निघाले. अण्णा, अप्पासाहेब आणि आत्याबाई जिना उतरून खाली गेले. श्रीकांत मागं राहिला, चपलेत पाय घालायला फार वेळ लावत. दारात ताई उभी होती, तिच्यामागं कांताकाकी. त्यानं वर पाहिलं आणि स्वच्छ, अस्खलित गुजरातीत म्हणाला, "काकी, तमे जे बोल्यां ते बधुं ज मने समजायुं." मग ताईकडं पाहिलं. "ने एमणे जे समजाव्युं, ते पण." काकी बोलल्या ते सगळं त्याला कळलं होतं, आणि ताईनं त्याचं जे करून सांगितलं तेही.

आणि भराभर जिना उतरून गेला. मुंबईतल्या त्याच्या कंपनीचे शेठ भावनगरचे होते, हे आम्हाला पुढं कळलं. कांताकाकींनी कपाळाला हात लावून भिंतीचा आधार घेतला. ताई जागच्या जागी लाल झाली.

"काय गं?" मागच्या खोलीतून आईनं विचारलं. सकाळपासून तिनं सगळं ऐकलं होतं, पण जिन्यापर्यंत तिचा कान पोचत नव्हता. "जाता जाता काय म्हणाला गं तो?"

ताईनं नऊवारीचा पदर खांद्यावर ओढून घेतला, जिन्याच्या तोंडाशी रिकाम्या जागेकडं बघत राहिली आणि म्हणाली, "काही नाही आई. तुला नमस्कार सांगितलाय."